नत्थुजी गल्ली पाहायला येतात

नत्थुजींच्या तोंडून ‘बहुतेक’ हा शब्द शेंदूरजनाघाटात कुणी कधी ऐकला नव्हता. संत्र्याच्या बगीच्यात शिरायचं, मधली पाच झाडं निवडायची, प्रत्येकाभोवती एक फेरी मारायची आणि बाहेर येऊन आकडा सांगायचा, हा त्यांचा धंदा. ‘चार लाख फळ’ म्हणाले की चार लाख. तोड झाल्यावर चार-पाच हजार इकडेतिकडे झाले तर तेवढं चालायचं. चाळीस वर्षं बागायतदार आणि व्यापारी दोघंही त्यांनाच बोलावत आले, कारण नत्थुजींनी आकडा सांगितला की पुढे घासाघीस उरायची नाही.

त्यांची दोन पथ्यं होती. पहिलं, बगीचा बारा वाजता पाहायचा. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात एका बाजूचं फळ झळकतं आणि दुसऱ्या बाजूचं लपतं. ऊन डोक्यावर आलं की सगळं झाड सारखं दिसतं. दुसरं, एकदाच पाहायचं. दुसऱ्यांदा पाहिलं की मनात लालूच शिरते आणि आकडा हलतो, असं त्यांचं मत होतं. ही पथ्यं त्यांनी बगीच्यापुरती ठेवली असती तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण त्यांनी बैलजोडी तशीच पाहिली, मोटरपंप तसाच पाहिला, जावई तसाच पाहिला. त्यांच्या बायकोचं, गोदाबाईंचं म्हणणं असं की मलाही या माणसाने भर दुपारी अंगणात उभं करून पाहिलं होतं, आणि तेव्हा माझे पाय पोळले होते.

तेव्हा फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी नत्थुजी अमरावतीला पावणेबारा वाजता उतरले ते काही योगायोगाने नव्हे. त्यांना एक गल्ली पाहायची होती.

गल्लीचं नाव दीड कमान. राजापेठेच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला पाठ करून बसलेली. दोन्ही तोंडांना पूर्वी दोन कमानी होत्या, त्यातली एक रस्ता रुंद करताना अर्धी पाडली आणि मग काम थांबलं ते थांबलंच. गल्लीत साठेक दुकानं: बांगड्या, स्टीलची भांडी, शाळेचे गणवेश, पिको-फॉल, पिठाची चक्की, दोन कचोरीवाले, एक रसवंती आणि संध्याकाळी लागणारी गिल्या वड्याची, म्हणजे दहीवड्याची, गाडी. मधल्या वळणावर भागीरथाबाईंचं घर, आणि घराखालचा गाळा रिकामा होता. तो गाळा नत्थुजींच्या मुलीला, पौर्णिमाला, हवा होता.

पौर्णिमा अकोल्याला राहायची. सहा वर्षांपूर्वी तिने शेजारच्या चार कॉलेजच्या पोरांना डबा द्यायला सुरुवात केली, आणि बघता बघता तिच्या अंगणात सत्तर ताटं उठू लागली. ज्वारीची भाकर, पाटोडीचा रस्सा, तुरीच्या दाण्यांची आमटी, मिरचीचा ठेचा. आता तिच्या नवऱ्याची, शिवमची, बदली अमरावतीला झाली होती, आणि पौर्णिमाने ठरवलं होतं की आता अंगणात नाही, भर बाजारात, स्वतःच्या नावाची पाटी लावून जेवण वाढायचं. गाळ्यासाठी आणखी एक जण तयार होता. भागीरथाबाईंनी दोघांनाही शुक्रवार संध्याकाळ सहाची वेळ दिली होती. पौर्णिमाने आधी विचारलं होतं, तेव्हा सहाला तिचा होकार आला तर गाळा तिचा, नाहीतर दुसऱ्याचा.

“बाबा, तुमी एकदा जागा पाहून घ्या,” पौर्णिमा फोनवर म्हणाली होती. “मी अकोल्याहून येतोच, दुपारी भेटू.”

नत्थुजींना वाटलं, आता पोरीचं सगळं आपल्या एका शब्दावर आलं. आणि याची त्यांना धास्ती वाटली, त्यालाही कारण होतं. तेरा वर्षांपूर्वी बारावी झाल्यावर पौर्णिमाला नागपूरला हॉटेलचं शिक्षण घ्यायचं होतं. नत्थुजी कॉलेज पाहायला गेले, बारा वाजता फाटकाशी उभे राहिले. काळे कोट घातलेली पोरं-पोरी हातात ताटं घेऊन इकडून तिकडे जाताना दिसली. नत्थुजींनी एकदाच पाहिलं आणि ‘नाही’ म्हणाले. पोरगी “बरं बाबा” म्हणाली आणि बी.ए. झाली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. ती विसरली असं नत्थुजी धरून चालत. रात्री कधी जाग आली की मात्र त्यांना तसं वाटत नसे.

म्हणून आज ते नेहमीपेक्षाही काटेकोर होते. धोतर धुतलेलं, टोपी कडक, हातात छत्री. कमानीखालून आत शिरले तेव्हा बारा वाजून दोन मिनिटं झाली होती.

सुरुवातीची दुकानं त्यांनी पाहिलीच नाहीत. बगीच्याच्या कडेची झाडं आणि रस्त्याच्या तोंडाची दुकानं, दोन्ही दाखवायची असतात. त्यांनी बरोबर मधली पाच निवडली. पहिल्या बांगड्यांच्या दुकानात बाई गादीवर आडवी होऊन मोबाइल पाहत होती. दुसऱ्या भांड्यांच्या दुकानात मालक कालचं वर्तमानपत्र वाचत होता, तेही जाहिरातीचं पान. चक्कीला कुलूप. कचोरीवाल्याने कढईवर झाकण ठेवलं होतं आणि झाकणावर डोकं टेकायचं तेवढं बाकी होतं. पाचवं दुकान, भागीरथाबाईंच्या ओट्याला लागून, पुंजाराम टेलरचं. पुंजाराम स्वतःच्याच शर्टाला बटण लावत होता. गिऱ्हाईक एक नाही. गल्लीतून एक माणूस सायकल ढकलत गेला, त्याचीही चेन पडली होती म्हणून.

“संपलं,” नत्थुजी म्हणाले.

“काय संपलं काका?” पुंजारामने वर पाहिलं.

“झाड हिरवं हाय, फळ नाही,” नत्थुजी मोठ्या आवाजात म्हणाले. बगीच्यात दहा माणसांना ऐकू जाईल असं बोलायची सवय, त्यामुळे बांगडीवालीने मोबाइल खाली ठेवला आणि भांडीवाल्याने मान वळवली. “माही पोरगी येथं खानावळ काढाले पाहून राहिली. मी चाळीस वर्षं बगीचे पाह्यले. ह्या गल्लीत काही राह्यलं नाही.”

पुंजारामने दाताने दोरा तोडला. “अन् आमी येथं काय वाळवणं घालून बसलो काय काका?”

“ते तुमचं तुमी पाहा,” नत्थुजी म्हणाले आणि भागीरथाबाईंचा जिना चढले.

भागीरथाबाई नांदगाव खंडेश्वरच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, अडुसष्ट वर्षांच्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसणाऱ्या. बैठकीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि कपाटभर पुस्तकं. कुठे धुळीचा कण नाही. त्यांनी नत्थुजींना पाणी दिलं, मग चहा दिला आणि समोर बसून सगळं ऐकून घेतलं. वर्गातल्या पोराला उत्तर पुरं करू द्यावं तसं.

“म्हणजे तुमचं उत्तर नाही असं आहे,” त्या म्हणाल्या.

“माहं नाही. अन् मी एकदा बोललो का बोललो, बाई. दुसऱ्यांदा नाही पाहत.”

“बरं,” भागीरथाबाई म्हणाल्या. त्यांनी ना आग्रह केला ना वाद घातला. “पौर्णिमा येईपर्यंत बसा खाली ओट्यावर. सावली आहे.”

नत्थुजींना हे आवडलं. बाई समजूतदार आहे, शब्दाची किंमत जाणते, असं मनाशी म्हणत ते जिना उतरले. अर्ध्या जिन्यात असताना पौर्णिमाचा फोन आला.

“बाबा, मूर्तिजापूरच्या पुढं गाडी बंद पडली. दुसरी येऊन राहिली म्हनतात. पोहोचले ना तुमी?”

“पोहोचलो.”

“पाह्यली जागा?”

नत्थुजींनी तोंड उघडलं. ‘नाही’ म्हणायला अर्धा सेकंद लागतो. पण फोनवर नको, समोरासमोर सांगू, असं त्यांना वाटलं. “ये तू अगुदर,” ते म्हणाले. “मंग बोलू.”

मग ते ओट्यावर बसले आणि मनात तयारी करू लागले. कशी सुरुवात करायची? ‘पाह्य बेटा, जागा वाईट नाही, पन.’ हे त्यांना जमेना. ‘पन’ लावून बोलायची सवयच नव्हती. ‘तुह्या भल्याचं सांगतो.’ हे मागच्या वेळी म्हणून झालं होतं. दीड वाजला, दोन वाजले. गल्लीत दोन कुत्री आडवी झाली. नत्थुजींनी ती पाहिली आणि आपला अंदाज किती बरोबर आहे याची खूण पटली. खूण पटली तसं उलट अधिकच वाईट वाटलं. अंदाज चुकावा असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं, आणि हे त्यांनी स्वतःशी कबूलही केलं. तीन वाजता त्यांचा डोळा लागला.

“काका, जरा सरकता काय?”

नत्थुजी दचकून उठले. पुंजाराम ओट्यापुढे पाणी मारत होता. साडेचार झाले होते. समोर बांगडीवाली गादीवरून उठून केस विंचरून बसली होती आणि काचेच्या पेट्या पुसत होती. कचोरीवाल्याच्या कढईत तेल तडतडायला लागलं होतं. एक माणूस हातगाडी ढकलत आला, गाडीवर दह्याचं भलंमोठं पातेलं, त्यावर ओलं फडकं. त्याने चाकांना विटा लावल्या, परातीत भिजलेले वडे मांडले, आणि तो अजून चिंचेचं पाणी ढवळतोय तोच चार मुली दप्तरं पाठीला लावून समोर उभ्या राहिल्या.

“भैया, चार. एक बिनामिरचीचा.”

“एवढ्यात?” नत्थुजी पुंजारामला म्हणाले.

“ह्या पहिल्या. क्लासेस पाचला सुटतात ना,” पुंजाराम म्हणाला आणि मशीनवर बसला.

नत्थुजी पाहायला लागले असं म्हणता येणार नाही. ते दुसऱ्यांदा पाहत नसत. ते नुसते बसले होते. पण डोळे उघडे असले की काय करणार? पाच वाजता क्लासेस सुटले आणि कमानीखालून पोरांचा लोंढा आत आला. त्यांच्यामागून दवाखान्यातून सुटलेल्या नर्सा आल्या. मग गणवेशाच्या दुकानात एक आई दोन पोरांना ओढत शिरली. बांगड्यांच्या दुकानात एक नवी नवरी सासूसोबत आली. सासूला हिरव्या हव्या होत्या, नवरीला नकोत, आणि बांगडीवाली दोघींच्या मनगटांवर एकेक चढवून दोघींचीही बाजू घेत होती. भांडीवाला, तोच दुपारचा, आता शिडीवर चढून एका हाताने डबे काढत होता आणि दुसऱ्या हाताने खाली पोराला इशारे करत होता. चक्कीचं कुलूप निघालं आणि तिची घरघर सुरू झाली.

सव्वापाचला नत्थुजींना ओट्यावर पाय सोडायला जागा उरली नाही. त्यांच्या एका बाजूला दोन कॉलेजची पोरं द्रोण घेऊन बसली होती, दुसऱ्या बाजूला वलगावचं एक जोडपं. बाईच्या मांडीवर पिशव्यांचा ढीग. पोरीच्या लग्नाची खरेदी होती.

“भाऊ,” वलगावचा माणूस नत्थुजींना म्हणाला, “येथं जेव्याले कोठी भेटते काय? भाकर-भाजी?”

“मले नाही मालूम,” नत्थुजी म्हणाले.

“सकाळपासून चिवडा खाऊन राहिलो,” बाई म्हणाली. “वडा खा, कचोरी खा. पोट भरते काय त्यानं? ह्या गल्लीत सारं भेटते, जेवनच नाही भेटत.”

थोड्या वेळाने नर्सांपैकी एकीने पुंजारामला विचारलं, “मामा, इकडे घरच्यासारखं जेवण देणारं कोणी आलं का? मी रूमवर राहते, रोज मॅगी खाऊन कंटाळले.” पुंजारामने मशीन थांबवली नाही. नुसतं नत्थुजींकडे पाहिलं आणि परत सुईकडे पाहिलं.

तिसऱ्यांदा तीच गोष्ट निघाली ती शेजारच्या पोराच्या तोंडून. द्रोण चाटूनपुसून संपवला आणि मित्राला म्हणाला, “चल बे, आता जेवायला पार बसस्टँडपर्यंत जावं लागते.”

नत्थुजी उठले. छत्री ओट्याला टेकवली, टोपी सारखी केली आणि गल्लीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. लोक त्यांना धक्के देत दोन्ही बाजूंनी जात होते. त्यांनी तीच पाच दुकानं निवडली, दुपारची. एकेका दुकानासमोर ते फिरले आणि मोजत गेले. बांगड्या: अकरा बायका. भांडी: सात. चक्की: डबे घेऊन नऊ जण रांगेत. कचोरी: मोजता येईना, कारण एक मोजेपर्यंत दोन नवे येत होते. पुंजाराम: सहा, आणि आतून त्याची बायको ओरडून सांगत होती की आता उद्याच मिळेल.

पाचव्या दुकानापाशी त्यांना आपली चूक कळली, आणि ती इतकी साधी होती की त्यांना लाज वाटली. संत्रं जागच्या जागी असतं. बाराला पाहा, पाचला पाहा, ते त्याच फांदीला लटकलेलं असतं. म्हणून एकदा पाहिलं की पुरतं. माणसं कुठे अशी लटकून बसतात? ती बाराला कामावर असतात, शाळेत असतात, आपापल्या घरी पंख्याखाली असतात. चाळीस वर्षं झाडं पाहून झाडांचाच नियम त्यांनी माणसांना लावला होता. आणि मग ते नागपूरचं फाटक आठवलं. तिथेही ते बाराच वाजता उभे राहिले होते, एकदाच. ते गल्लीच्या मधोमध तसेच उभे राहिले.

“काका, बाजूला!” एक स्कूटर अंगाशी येऊन थांबली. स्कूटरवर तिशीतला एक हसतमुख तरुण होता, मांडीवर पेढ्यांचा पुडा सांभाळत. त्याने गाडी भागीरथाबाईंच्या जिन्याशी लावली.

“कुंदन, आलास? ये वर,” वरून भागीरथाबाईंचा आवाज आला.

हाच तो दुसरा. केकचं दुकान काढणार होता. पुंजारामने त्याला जाता जाता थोपवलं आणि आनंदाने सांगितलं, “जा, जा. त्या काकानं दुपारीच नाही म्हनलं. साऱ्या गल्लीनं आयकलं.”

कुंदन दोन पायऱ्या एकदम चढत वर गेला.

सहाला पंधरा मिनिटं कमी होती. पौर्णिमाचा पत्ता नव्हता. नत्थुजी जिन्याशी आले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून थांबले. वर जाऊन काय सांगायचं होतं, ते त्यांना ठाऊक होतं. ज्या माणसाचा शब्द चाळीस वर्षांत फिरला नाही तो आज सहा तासांत फिरणार होता, आणि तेही साऱ्या बाजाराने ऐकलेला. शेंदूरजनाघाटात कळलं तर व्यापारी काय म्हणतील? म्हणतील, नत्थुजी म्हातारा झाला, आता त्याचा आकडा घेऊ नका. हे सगळं त्यांनी पायरीवर उभं राहून नीट पाहिलं. मग ते वर गेले.

“बाई,” ते दारातूनच म्हणाले. आवाज तोच, बगीच्यातला. लहान करायला त्यांना येत नव्हता. “माही नजर चुकली.”

कुंदन खुर्चीवरून अर्धा उठला. भागीरथाबाईंनी चष्मा वर केला.

“दुपारी मी नाही म्हनलं, ते गलत म्हनलं. मी अवेळी पाह्यलं. ह्या गल्लीत फळ हाय, अन् जेवन देनारं कोनी नाही. तीन जनायच्या तोंडून मी आयकलं. माह्या नाहीवर माह्या पोरीचा गाळा जाऊ देऊ नका.”

“काका,” कुंदन हळूच म्हणाला, “पण दुपारी तुम्ही शब्द दिला होता. खाली सगळे सांगतायत.”

“देला होता,” नत्थुजी म्हणाले. “आता मोडून राहिलो. खाली जाऊन तसंबी सांगतो, सगळ्यायले आयकू येईन असं. नत्थुजीनं शब्द मोडला म्हना. पोरीचा जाऊ नये, माहा गेला तं जाऊ द्या.”

ते बोलून झालं आणि त्यांना दम लागला. जिना चढल्यामुळे नव्हे. भागीरथाबाईंनी त्यांना बसायला सांगितलं नाही. दाराकडे, त्यांच्या पाठीमागे पाहिलं.

“ऐकलंस?” त्या म्हणाल्या.

नत्थुजी वळले. जिन्याच्या वरच्या पायरीवर पौर्णिमा उभी होती, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर मूर्तिजापूरची धूळ. ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

“दुपारी तुम्ही खाली उतरलात तसा मी हिला फोन केला,” भागीरथाबाई म्हणाल्या. “म्हटलं, तुझे वडील नाही म्हणतात, काय करू? ही म्हणाली, बाई, ते नाहीच म्हणणार. ते बारा वाजता पाहतात. त्यांना चहा द्या आणि संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसवा, दुसरं काही सांगू नका.”

“तुले मालूम होतं?” नत्थुजींनी विचारलं.

“लहानपनापासून तुमच्यामागं बगीच्यात फिरलो ना बाबा,” पौर्णिमा म्हणाली. “बारा वाजता डोक्यावर टॉवेल टाकून.”

“अन् मी उठून वर आलो नसतो तं?”

“तरी मी सहाले येऊन हो म्हनलं असतं. तुमच्यासमोर.” तिने हे सरळ, डोळ्याला डोळा देऊन सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता आणि माफीही नव्हती. “मांगच्या वेळी माह्यात एवढी हिंमत नव्हती. यावेळी होती. पन तुमी स्वतःहून याल असं मले वाटत होतं. तुमी चुकता, पन चुकलं असं दिसलं तं लपवत नाही.”

मागच्या वेळची गोष्ट तिने तेरा वर्षांत पहिल्यांदा काढली होती. ती विसरली नव्हती. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. त्यांनी ते टोपी काढून तिच्या कडेने पुसलं, सगळ्यांसमोर.

“बेटा, ते कॉलेज…” ते म्हणाले.

“राहू द्या आता.”

“नाही. तेबी मी अवेळीच पाह्यलं,” नत्थुजी म्हणाले. “दुसऱ्यांदा जायले पायजे होतं. नाही गेलो.”

पौर्णिमाने मान हलवली. तेवढ्याने त्यांच्या छातीतलं ओझं थोडं उतरलं, सगळं नाही.

कुंदनने खाकरून घसा साफ केला. “बाई, माझा होकार तर सहाच्या आत होता,” तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात आता भांडण नव्हतं.

“होता. आणि तुला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हिने आधी विचारलं आहे. हिने हो म्हटलं तर गाळा हिचा,” भागीरथाबाई म्हणाल्या. “चक्कीशेजारचा गाळा मार्चमध्ये रिकामा होतोय. तुझ्यासाठी मी स्वतः बोलते त्यांच्याशी. तिथे ओव्हनला जागाही जास्त आहे.”

कुंदनने पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि दोरा सोडला. “आणलेच आहेत तर घ्या,” तो म्हणाला. “केकच्या दुकानात येणारा माणूसही आधी कुठेतरी जेवलेला बरा.”

भागीरथाबाईंनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली किल्ली काढली आणि उभ्या राहिल्या. “तर मग, गाळा घ्यायचा? एकदा नीट सांगा.”

चाळीस वर्षं हा प्रश्न आला की उत्तर द्यायला नत्थुजींचंच तोंड उघडत आलं होतं. आताही उघडलं. किल्लीकडे त्यांचा हातही सवयीने पुढे गेला, अर्ध्यापर्यंत. मग त्यांनी तो मागे घेतला आणि भिंतीकडे सरकून पौर्णिमाला वाट करून दिली.

“मले काहून इचारता बाई?” ते म्हणाले. “तिले इचारा.”

“हो,” पौर्णिमा म्हणाली आणि किल्ली घेतली.

खाली गल्लीत दिवे लागले होते. गाळ्यासमोर उभं राहायलाही जागा नव्हती. वलगावच्या बाईने पिशव्या उचलून त्यांना वाट दिली आणि विचारलं, काय होऊन राहिलं येथं? “जेवन,” नत्थुजी म्हणाले. “माही पोरगी देनार हाय. पुढच्या खेपेले या.” पौर्णिमाने कुलूप काढलं आणि शटर ओढलं. ते गंजलेलं होतं, एक वीत वर येऊन अडकलं. ती पुन्हा वाकली आणि बापाकडे न पाहताच म्हणाली, “बाबा, तिकडून लावा हात.” नत्थुजींनी धोतर खोचलं आणि खाली वाकले.